पुसलेले ठिपके

श्रावण लागल्याचे आमच्या कचेरीला पंचांगावरून कळत नाही. वाचकांच्या टपालावरून कळते. उन्हाळाभर पाणीटंचाईच्या आणि रस्त्यांवरील खड्ड्यांच्या तक्रारींनी भरलेले ते टपाल एके दिवशी एकाएकी हिरवे होते. तेरड्याची फुले, अळवाच्या पानावरचे थेंब, कुंपणाच्या तारेवर बसलेला चतुर, कढीलिंबाच्या कुंडीतला सुरवंट अशी छायाचित्रे येऊ लागतात आणि त्यांच्याखाली ‘जमल्यास प्रसिद्ध करावे’ अशी नम्र विनंती असते. पूर्वी ही चित्रे पाकिटातून येत, आता ती भ्रमणध्वनीवरून येतात. फरक आणखीही एक आहे. पूर्वीचा हौशी छायाचित्रकार डोंगर, समुद्र आणि सूर्यास्त पाठवी. आजचा मुंगीचे डोळे पाठवतो. खिशातील यंत्र त्याला वस्तूच्या दोनतीन सेंटिमीटर जवळ नेते, आणि इतक्या जवळून पाहिले की घराच्या भिंतीवरचा उड्या मारणारा कोळीही आठ डोळ्यांनी आपल्याकडे पाहत आहे असे दिसू लागते.

आजचा हा लेख अशाच एका जवळून घेतलेल्या छायाचित्राविषयी आहे, आणि त्या छायाचित्राच्या बाबतीत आमच्याकडून घडलेल्या प्रमादाविषयीही. अग्रलेखाच्या जागी एखादे फुलपाखरू येऊन बसावे हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या स्तंभातून आम्ही इतरांच्या चुका रोज दाखवितो, त्याच स्तंभातून स्वतःची चूक सांगणे उचित, आतल्या पानावरील दोन ओळींच्या दुरुस्तीत ती दडविणे अनुचित, असे आमचे मत आहे.

छायाचित्र आले होते गोडादऱ्याहून. सुरत म्हटली की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात, आणि त्यानंतर जणू सुरतेशी आपला काही संबंधच उरला नाही अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात उधना-जळगाव लोहमार्गाने धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे या शहरात येत राहिली. लिंबायत, डिंडोली, गोडादरा या शहराच्या आग्नेयेकडील वस्त्यांतून आज अहिराणी जितकी सहज कानी पडते तितकी ती खानदेशातील एखाद्या तालुक्याच्या गावीही पडत असेल की नाही कोण जाणे. त्यांच्या पूर्वजांनी सुरत लुटली असेल. यांनी ती विणली. अशाच एका घरातील, यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या तरुणाने आम्हांला तीन छायाचित्रे पाठविली होती. त्याचे नाव त्याच्याच इच्छेवरून येथे देत नाही.

वस्तीच्या कडेला इमारतीची वाट पाहत पडून राहिलेला एक मोकळा भूखंड आहे. तेथे रुईची झुडपे माजली आहेत आणि जमिनीलगत घोळ पसरली आहे. रात्रपाळी सुटल्यावर घरी जाण्यापूर्वी हा तरुण तेथे थांबतो. नऊ सकाळी थांबल्यानंतर त्याला हवे ते मिळाले, असे त्याने पत्रात लिहिले होते. त्याला हवे ते म्हणजे रुईच्या पानाच्या टोकाशी लटकून, पोटाचे टोक वळवून, पानाच्या खालच्या अंगाला अंडे चिकटविणारी एक नारिंगी फुलपाखराची मादी. इंग्रजीत या फुलपाखराला प्लेन टायगर म्हणतात. रुई जेथे उगवते तेथे ते असते. आपल्यापैकी प्रत्येकाने ते शेकडो वेळा पाहिले आहे आणि बहुधा एकदाही निरखलेले नाही.

छायाचित्र आम्हांला आवडले आणि ते रविवारच्या पानावर घेण्याचे ठरले. पुढे जे घडले ते कोणत्याही वृत्तपत्राच्या कचेरीत घडू शकते, म्हणूनच अधिक लाजिरवाणे आहे. छपाईपूर्वी चित्रे ‘स्वच्छ’ करणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने फुलपाखराच्या मागच्या पंखावरील तीन काळ्या ठिपक्यांपैकी दोन पुसून टाकले. त्यास ते भिंगावरील धुळीचे डाग वाटले. तिसरा ठिपका पंखाच्या वरच्या कडेजवळ होता, तो त्याच्या नजरेतून सुटला. संगणकावर डाग पुसण्याचे एक साधन असते; ते शेजारचा रंग उचलून डागावर पसरते आणि डाग होता याची खूणही मागे ठेवीत नाही. लग्नाच्या छायाचित्रांतून वधूच्या गालावरील तीळ आणि पुटकुळ्या याच साधनाने नाहीशा केल्या जातात. त्याआधीच्या काळी स्टुडिओतील कारागीर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून देवीचे व्रण बुजवीत असत. थोडक्यात, आमच्या सहकाऱ्याने हेतुपुरस्सर काही खोटे केले नाही. त्याने त्या फुलपाखराचे लग्नातले छायाचित्र केले, इतकेच.

चार दिवसांनी कोकणातील एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. पत्र सविस्तर आणि सभ्य होते, आणि त्यात धार होती. त्यांचे म्हणणे असे की, मागच्या पंखावर एकच काळा ठिपका असलेली नारिंगी मादी प्लेन टायगरची नव्हे. ती डॅनेड एगफ्लाय नावाच्या वेगळ्याच जातीची. पण ती जात रुईवर अंडी घालीत नाही. तिच्या अळ्या घोळ खातात. म्हणजे एकतर खालील मजकूर खोटा, किंवा दोन चित्रे एकमेकांना चिकटवून हा देखावा तयार केलेला. ‘आपल्या छायाचित्रकाराने आपणांस फसविले आहे,’ असे त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिले होते.

त्यांचा तर्क निर्दोष होता. त्याला दिलेला पुरावा मात्र आम्ही दूषित केला होता. कसा, हे समजण्यासाठी या दोन फुलपाखरांचे नाते थोडे उलगडून सांगावे लागेल. रुईच्या चिकात विष असते. प्लेन टायगरच्या अळ्या तीच पाने खाऊन वाढतात आणि ते विष अंगात साठवितात. एखाद्या कोवळ्या पाखराने हे फुलपाखरू एकदा चोचीत धरले की तो नारिंगी रंग आणि त्या काळ्या-पांढऱ्या कडा त्याच्या स्मरणात पक्क्या बसतात. डॅनेड एगफ्लायच्या अंगी विष नाही. तिने केवळ वेश उचलला आहे. तिचा नर काळा, त्यावर मोठे पांढरे डाग. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगर. अशा वेशांतराचा अर्थ प्रथम नीट उलगडून दाखविला तो हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने, १८६२ साली. हा गृहस्थ विद्यापीठात शिकलेला नव्हता. लेस्टर शहरात मोजे विणण्याच्या धंद्यात त्याने कोवळ्या वयात उमेदवारी केली होती आणि पुढे अकरा वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यात फुलपाखरे गोळा केली. गोडादऱ्यातील आमच्या तरुणाला हे कळविले, तेव्हा बेट्स कोण होता यापेक्षा तो कापडाच्या धंद्यातला होता याचा त्याला अधिक आनंद झाला.

निसर्गाने या वेशांतरात एक उणीव ठेवली आहे. प्लेन टायगरच्या मादीला मागच्या पंखावर तीन काळे ठिपके, नराला चार. नराचा चौथा ठिपका म्हणजे गंधद्रव्याची इवलीशी पिशवी. डॅनेड एगफ्लायच्या मादीला तेथे एकच. सारी ओळख या ठिपक्यांच्या मोजणीत आहे. दोन ठिपके पुसले की एक जात जाऊन दुसरी येते. आणि ही दुसरी जात साधीसुधी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जी फुलपाखरे घातली गेली त्यांत ती होती. एखाद्या अभ्यासकाने आमच्या चित्रावरून ‘गोडादरा येथे आढळ’ अशी नोंद केली असती तर ती चुकीची नोंद पुढे कोठवर प्रवास करती, सांगता येत नाही.

यात नुकसान कोणाचे झाले? आमचे थोडेफार, वृत्तपत्राच्या अब्रूला असे ओरखडे सोसण्याची सवय असते. खरे नुकसान झाले ते त्या तरुणाचे. शिक्षकांचे पत्र आम्ही त्याच्याकडे खुलाशासाठी पाठविले (तेही आधी आपली प्रत न तपासता, ही आमची दुसरी चूक), तेव्हा त्याने एका ओळीत उत्तर दिले की, मी खोटे केलेले नाही, मूळ चित्र पाहावे. कारखान्यात त्याचे चित्र भिंतीवर लावले होते, ते कोणीतरी काढून टाकले होते. नऊ सकाळी झोप मोडून मिळविलेल्या गोष्टीवर खोटेपणाचा शिक्का बसला, तोही ज्यांनी ती छापली त्यांच्याच हातून. आम्ही मूळ चित्र काढून पाहिले. त्यावर तीन ठिपके ठसठशीत होते.

शिक्षकांची आणि त्या तरुणाची आम्ही वेगवेगळी क्षमा मागितली आहे. आज जाहीरपणे मागत आहोत आणि मूळ छायाचित्र याच अंकात, काहीही न पुसता, पुन्हा छापीत आहोत. त्याच्या शेजारी आम्ही त्याने पाठविलेली पहिली दोन चित्रेही छापली आहेत. ती फसलेली चित्रे आहेत, असे त्याचे म्हणणे. पण छायाचित्र सुधारते कसे हे शिकण्यास फसलेल्या चित्रांसारखा गुरू नाही, आणि या तिन्हींकडे एकत्र पाहिले असता त्या नऊ सकाळींत काय काय घडले ते कळते.

पहिले चित्र दुपारच्या उन्हातले आहे, सुट्टीच्या दिवशी घेतलेले. फुलपाखरू चौकटीच्या बरोबर मधोमध, वरून पाहिलेले, ताटात ठेवलेल्या करंजीसारखे. मागे एका मोटारसायकलचे पिवळे बूड, एक फाटकी पिशवी आणि पलीकडच्या इमारतीच्या खिडक्या. सुरतेच्या दुपारच्या उन्हात नारिंगी रंग फिकट विटकरी होतो. रुईची पाने पांढुरक्या लवेने माखलेली असल्याने ती ऊन परतवितात. ते लख्ख पांढरेपण पाहून यंत्र फसते आणि सारे चित्रच काळवंडवून टाकते. शिवाय पाखराच्या एका पंखाची कडक सावली दुसऱ्या पंखावर पडली आहे. या चित्रात तीन ठिपके आहेत की चार हे शपथेवर सांगता येणार नाही.

दुसऱ्या चित्रात तो गुडघ्यांवर बसला. हा फरक लहान नाही. आपण कीटकाकडे नेहमी वरून पाहतो, राजाने प्रजेकडे पाहावे तसे. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरले की मागची जमीन चौकटीतून निघून जाते आणि तेथे दूरची झाडी येते. ती दूर असल्याने आपोआप धूसर होते. मोटारसायकल पुसावी लागली नाही, ती दिसेनाशी झाली. चांगल्या छायाचित्रकाराची निम्मी ‘स्वच्छता’ अशी गुडघ्यांनी होते, संगणकाने नव्हे. मात्र या चित्रात दुसरी अडचण आली. डोके स्पष्ट, पंख मात्र धुक्यात.

याचे कारण सांगितले पाहिजे, कारण जवळून चित्र काढणाऱ्या प्रत्येकाची येथेच फसगत होते. वस्तूच्या जितके जवळ जावे तितकी स्पष्टतेची खोली आकसते. जुन्या ३५ मि.मी. फिल्मच्या मापाच्या चौकटीत वस्तू तिच्या मूळ आकारात घ्यायची असेल आणि भिंगाचे छिद्र एफ ८ ठेवले असेल, तर पुढून मागे जेमतेम १ मि.मी. इतकाच पट्टा स्पष्ट येतो. अर्ध्या आकारात घेतले तर सुमारे ३ मि.मी. छिद्र आणखी बारीक केले तर खोली थोडी वाढते. पण प्रकाश घटतो, आणि एका मर्यादेपलीकडे प्रकाशकिरण छिद्राच्या कडांवर विखुरल्याने सारेच चित्र मऊ पडते. भ्रमणध्वनीतील भिंग व संवेदक चिमुकले असल्याने त्यांत ही खोली बरीच अधिक मिळते. गरिबाच्या यंत्राला मिळालेले हे एक वरदानच म्हणावयाचे. तेही अगदी टेकून चित्र घेतले की अपुरे पडते. तेव्हा दोन उपाय उरतात. एक, हातभर मागे सरावे आणि नंतर चौकट कापून घ्यावी. दुसरा उपाय अधिक चांगला आहे: यंत्राची पाठ वस्तूच्या सपाट अंगाला समांतर धरावी. फुलपाखराने पंख मिटले की ते एखाद्या पत्र्यासारखे सपाट होते. त्याला अचूक बाजूने गाठले तर डोळ्यापासून शेपटाकडच्या ठिपक्यापर्यंत सारे त्या तीन मिलिमीटरांत मावते.

तिसऱ्या चित्रात त्याने हे साधले आहे. आणि प्रकाशाचेही काम केले आहे, ज्याची हकिकत आम्हांला सर्वांत गमतीची वाटली. पांढरी छत्री, प्रकाश मवाळ करणारा पडदा असली साधने बाजारात मिळतात. त्यांच्या किमती यंत्रमाग कामगाराला परवडण्यासारख्या नाहीत. त्याने कारखान्यातील ग्रे कापडाचा, म्हणजे मागावरून उतरलेल्या आणि अद्याप रंग न चढलेल्या कापडाचा, हातभर तुकडा घेऊन तारेच्या कड्यावर ताणला आणि तो ऊन आणि रुई यांच्या मध्ये धरला. कोवळे तिरपे ऊन त्यातून गाळून आले. सावल्या मऊ झाल्या आणि नारिंगी रंग नारिंगीच राहिला. कापड कोरे असणे महत्त्वाचे होते. आधी त्याने घरातील साडीचा पदर वापरून पाहिला होता, तेव्हा फुलपाखरू गुलाबी झाले. ज्या शहरातून देशभर साड्या जातात तेथील मनुष्याने बिनरंगी कापडाचे मोल ओळखावे, यात काही नवल नाही. सावलीच्या बाजूस प्रकाश पोचावा म्हणून त्याने वहीचे एक पांढरे पान रुईच्या खोडाशी टेकविले होते. ढगाळ श्रावणी सकाळी हा सारा खटाटोप लागत नाही. आभाळच मग ताणलेल्या ग्रे कापडासारखे असते.

सकाळची वेळही त्याने विचारपूर्वक निवडली होती. कीटकांचे रक्त थंड. रात्रीच्या गारव्यानंतर ऊन अंगात भिनल्यावाचून त्यांना नीट उडता येत नाही. त्या अर्ध्यापाऊण तासात शांतपणे जवळ जाता येते, मात्र आपली सावली त्यांच्यावर पडू न देता. अंडी घालणारी मादी ऊन थोडे वर आल्यावर येते, म्हणून तो आधी येऊन जागा धरून बसे. झुळुकीने पान हलू नये यासाठी त्याने फांदी एका काडीला कपड्यांच्या चिमट्याने अडकवून ठेवली होती. पान तोडले नाही. हा भेद आम्हांला मोलाचा वाटतो. मध्ये आलेली गवताची काडी हाताने बाजूस करणे, फांदीला आधार देणे, उडून आलेला कागद उचलणे हे चित्र घेण्यापूर्वीचे प्रामाणिक काम आहे. कीटक पकडून शीतपेटीत गारठवायचा आणि तो बधिर झाला की फुलावर मांडायचा, किंवा मेलेला चिकटवायचा, हाही प्रकार हौशी मंडळींत चालतो असे आम्ही ऐकतो. त्याला निसर्गाचे छायाचित्र म्हणवत नाही.

एका गोष्टीबाबत मात्र आमचा त्याच्याशी मतभेद आहे. पहिल्या दिवशी त्या फांदीला जरीचा एक तुटका धागा अडकलेला होता. वाऱ्याने कोठल्यातरी कारखान्यातून आणलेला. त्याने तो काढून टाकला. आम्ही असतो तर ठेवला असता. रुईवरचे फुलपाखरू रत्नागिरीतही असते आणि राजस्थानातही; जरीच्या धाग्याशेजारी बसलेले मात्र सुरतेचेच. चौकटीत काय ठेवायचे हा सौंदर्याचा प्रश्न आहे तसा पत्त्याचाही आहे. त्याने यावर उत्तर दिले की, तो धागा रोज डोळ्यांसमोर असतो, निदान सकाळी तरी नको. हे उत्तर आम्ही मान्य केले.

या तरुणाच्या वाटेवर फार पूर्वी एक मराठी माणूस चालून गेला आहे, तोही गुजरातच्याच भूमीवरून. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १८९० च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात कलेचे शिक्षण घेतले, छायाचित्रणाचा नाद तेथेच जडला, आणि त्यांना उत्तेजन देणारे कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे सुरतेचे. फाळक्यांनी पुढे गोध्र्यास छायाचित्रांचा व्यवसाय केला. ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधी १९१२ साली त्यांनी केलेला प्रयोग फार थोड्यांना ठाऊक असतो. भांडवल देऊ शकणाऱ्या माणसाला आपली करामत पटावी म्हणून त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि दिवसांमागून दिवस एकेक चौकट घेत राहिले. पडद्यावर मात्र बीज मिनिटभरात फुटले, अंकुर वर आला, वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती चित्रफीत ओळखली जाते. भारतीय चित्रपटाचा पाया एका कुंडीतल्या वाटाण्यावर, जवळून आणि चिकाटीने पाहण्यावर घातला गेला, हे आमच्या मते पुरेसे सांगितले जात नाही.

यावर कोणी विचारील की फाळक्यांनीही काळाची कापाकापी केलीच, मग ती खोटी नव्हे काय? प्रश्न योग्य आहे. संस्कार केल्यावाचून कोणतेही छायाचित्र आपल्यापर्यंत पोचत नाही. आज तर भ्रमणध्वनी बटण दाबताच कित्येक चौकटी घेऊन त्यांतून एक जुळवतो, रंग गडद करतो, कडा तीक्ष्ण करतो, आणि हे सारे आपणांस न विचारता. वेगवेगळ्या अंतरावर स्पष्टता साधून घेतलेली अनेक चित्रे एकत्र करून सबंध कीटक डोक्यापासून पायांपर्यंत रेखीव करण्याची पद्धत अभ्यासकही वापरतात. फाळक्यांनी काळ दाटविला, पण जे वाढले ते वाटाण्याचेच रोप होते आणि ज्या क्रमाने वाढले त्याच क्रमाने दिसले. चित्र उजळणे, तिरपी चौकट सरळ करणे, कडेचा फापटपसारा कापणे, ढगाळ दिवसाची निळसर झाक काढून रंग डोळ्यांना दिसला तसा आणणे, या साऱ्याला आमची हरकत नाही. जे तेथे होते ते नाहीसे करणे आणि जे नव्हते ते आणून बसविणे, येथून पुढे मात्र छायाचित्र साक्ष देण्याचे सोडून बढाई मारू लागते.

ही सीमारेषा भल्याभल्यांना सांभाळता आलेली नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याचा विल्सन बेंटली हा शेतकरी १८८५ पासून हिमकणांची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेत असे. पाच हजारांहून अधिक हिमकण त्याने टिपले. कण उठून दिसावा म्हणून तो निगेटिव्हच्या प्रतीवरील कणाभोवतालचा थर चाकूने खरवडून पार्श्वभूमी काळी करी. त्यात कणांच्या मूळ बाह्यरेषाच छाटल्या जातात असा आक्षेप जर्मन अभ्यासकाने त्याच्या हयातीतच घेतला. बेंटलीचा हेतू शुद्ध होता, आमच्या सहकाऱ्याचाही होता. हेतू शुद्ध नसल्याचा ठपका आला तो एका अलीकडच्या प्रकरणात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१७ साली वाळवीच्या चमकत्या वारुळाशी आलेल्या मुंगीखाऊ प्राण्याचे चित्र गौरविले गेले. २०१८ साली तो प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष काढून तो सन्मान काढून घेण्यात आला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. प्राण्याच्या केसांच्या ठेवणीवरून आणि अंगावरील खुणांवरून तज्ज्ञांनी निर्णय दिला होता. येथेही प्रकरण शेवटी अंगावरच्या खुणांपाशीच आले.

आता तर चित्र घेण्यासाठी कीटकाचीही गरज उरलेली नाही. दोन ओळी लिहिल्या की यंत्र पाहिजे तसे फुलपाखरू कल्पून देते, दवबिंदूंसकट. आमच्याकडे यंदा आलेल्या टपालात अशी चित्रे होती. एकीत चतुराला आठ पाय होते आणि तरीही ते पाठविणाऱ्याने ‘माझ्या अंगणातील’ असे लिहिले होते. ते आम्ही छापले नाही, परंतु पाय मोजायचे आमच्याही आधी लक्षात आले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. ते मोजले आमच्या कचेरीत उमेदवारी करणाऱ्या एका मुलीने.

या प्रकरणानंतर आम्ही आमच्यापुरते काही नियम केले आहेत. वाचकांच्या निसर्गचित्रांवर कचेरीत यापुढे डाग पुसण्याचे साधन चालणार नाही. धूळ असली तर धुळीसकट छापू. चित्र पाठविणाऱ्याने मूळ, न कापलेली प्रत जपून ठेवावी आणि चित्रासोबत स्थळ, तारीख, वेळ व कोणत्या झाडावर ते घेतले हे लिहावे. झाडाचे नाव ठाऊक नसल्यास पानाचे आणखी एक चित्र जोडावे. गोडादऱ्याच्या चित्राला शेवटी रुईच्या पानानेच तारले. पुण्याचे कृष्णमेघ कुंटे यांचे दक्षिण भारतातील फुलपाखरांवरील पुस्तक २००० साली आणि आयझॅक किहीमकर यांचे भारतीय फुलपाखरांवरील पुस्तक २००८ साली निघाले. ही दोन्ही पुस्तके आता आमच्या कचेरीच्या कपाटात आहेत. ती इतक्या उशिरा आली हेही आमच्याच खात्यावर मांडावे.

कोकणातील त्या शिक्षकांनी आमची क्षमायाचना मोठ्या मनाने स्वीकारली, आणि त्या तरुणाला स्वतंत्र पत्र लिहून आपला आरोप परत घेतला. पत्रात त्यांनी एक सूचनाही केली. भूखंडावर घोळ आहे असे तुम्ही लिहिता. तर मग जमिनीलगत पाहा, ती वेश घेणारी मादीही तेथे येत असेल. तरुणाने कळविले आहे की गेले दोन आठवडे तो रुई सोडून घोळीपाशी पालथा पडून राहतो. एकदा एक नारिंगी फुलपाखरू खाली उतरले, पण आदल्या रात्रीच्या पावसाचे पाणी साचले होते आणि कापडाचा पडदा धरायला दुसरा हात मोकळा नव्हता. चित्र हलले आहे. मागच्या पंखावर एकच ठिपका दिसतो असे त्याला वाटते. आम्हांलाही तसेच वाटते, परंतु ते चित्र त्याने छापण्यासाठी पाठविलेले नाही आणि आम्हीही मागितलेले नाही. भूखंडाभोवती पत्रे ठोकण्याचे काम सुरू झाले आहे. एका बाजूने अजून आत जाता येते, असे तो लिहितो. येत्या सुट्टीच्या सकाळी पडदा धरायला धाकट्या भावाला घेऊन तो पुन्हा जाणार आहे.